धुऱ्यावरची डहाळी

१

शेषरावाला कुठलीही गोष्ट वाया गेलेली खपत नसे. ताटात शीत उरू द्यायचं नाही, बादलीत पाणी उरू द्यायचं नाही, आणि फवारणीच्या पंपात औषध तर मुळीच नाही. पडीक तुकड्यावर तणनाशक मारून झालं, की पंपाच्या तळाशी जे काही राहिलं असेल त्यात तो नाल्याचं पाणी ओतायचा, पंप चांगला हलवायचा आणि ते धुवण धुऱ्यावर मारून मोकळा व्हायचा. धुरा म्हणजे दोन शेतांमधला गवताचा पट्टा. तिथं पीक नसतं, त्यामुळे तिथं काय मारलं याचा कोणी फारसा विचार करत नाही. किन्हीराजाच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात सगळेच असं करायचे. धुवण म्हणजे नुसतं पाणी, हे सगळ्यांनी मिळून कधीचंच ठरवून टाकलं होतं.

खऱ्या फवारणीची रीत मात्र वेगळी होती. औषध मारलं, की त्या जागी पळसाची हिरवी डहाळी खोचायची. गावाची ढोरं चारायला नेणारा गायकी ती पाहायचा आणि कळप दुसरीकडे वळवायचा. डहाळीची पानं सुकून वाऱ्यावर खडखडायला लागली, की ढोरं घालायला हरकत नाही. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, पण ती मोडल्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी श्रावणातलं आभाळ नुसतंच भरून आलेलं होतं, पाऊस नव्हता. धुऱ्यावर गुडघ्याएवढा काटेमाठ माजला होता. शेषरावानं त्याच्यावर धुवण मारलं. पंपाचा पट्टा तुटला होता, म्हणून त्यानं भागिरथेच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ त्याजागी बांधला होता, आणि तो खांद्याला काचत होता. पळसाचं झाड शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. शेषरावानं एकदा तिकडं बघितलं आणि घरची वाट धरली.

भागिरथा दारातच होती. "आले का? घ्या पानी," असं म्हणून तिनं लोटा पुढं केला. शेषरावानं पंप दाराशी टेकवला आणि घटाघटा पाणी प्यायला.

"डहाळी लावली न?" तिनं विचारलं. फवारणीच्या दिवशी ती हे विचारायचीच.

"धुवणाले कायची डहाळी?" शेषराव म्हणाला.

चुलीवर तवा टाकलेला होता, ती आत गेली.

२

धुवणानं काटेमाठ मेला नाही. त्याचे शेंडे थोडे वाकडे झाले आणि पानं जास्तच काळीभोर, रसरशीत झाली. तीन-चार दिवसांनी रूपला गावाचा कळप घेऊन त्या बाजूला आला.

रूपला शेजारच्या तांड्यावरचा. गावाची ढोरं तो कित्येक वर्षं चारत होता आणि प्रत्येक गायीचा स्वभाव त्याला ठाऊक होता. काटेमाठाला कुठलीच गाय तोंड लावत नाही, काटे टोचतात. त्या दिवशी मात्र गाईंनी काट्यांत मुस्कटं घातली. "काठी हानली तरी मान वर करत नोहत्या," असं रूपला मागाहून सांगत होता. नाल्यावर पाण्याला उतरेपर्यंत त्यांचे पाय लटपटायला लागले होते. दोन गाई पाण्यापाशीच बसल्या. आणखी दोन आखरापर्यंत आल्या, म्हणजे गावाबाहेर जिथं सकाळी सगळी ढोरं गोळा होतात त्या मैदानापर्यंत, आणि तिथं पडल्या.

मालेगावहून सरकारी डॉक्टर मोटारसायकलवर आले. त्यांनी गाईच्या हिरड्या पाहिल्या, कानाला सुई टोचली. रक्त लाल नव्हतं. काकवीसारखं तपकिरी होतं, आणि दाटसर. डॉक्टरांनी पिशवीत होतं तेवढं निळं इंजेक्शन दिलं. त्यानं लटपटणारी एक कालवड तेवढी सावरली. त्या चार गाई उठल्याच नाहीत.

"तणनाशक कमी ताकदीचं पडलं असणार," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "तण मरत नाही, मग त्याच्यात नायट्रेट साचतं. आणि ते तण ढोरांना गोड लागायला लागतं. एरवी हुंगणार नाहीत, तेच शोधून खातात. कोणी मारलं होतं?"

"मी," शेषराव म्हणाला. इथपर्यंत तो खरं बोलला. तो धुरा त्याचा होता हे सगळ्यांना माहीतच होतं.

जगदेव पुढं झाला. आखरावर त्याचा शब्द शेवटचा असे. त्यानं विचारलं, "डहाळी लावली होती का, शेषराव?"

समोर धनीबाई गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्यामागं तिला एवढी एकच दुभती गाय होती, आणि शेषरावाची गाय चांदी त्याच वेळी घरी गोठ्यात, विण्याला आली म्हणून बांधलेली होती. ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. शेषरावाच्या मात्र आली.

"लावली होती," तो म्हणाला.

"कोठी?"

"धुऱ्यावरच्या बाभळीच्या बुडाशी."

सगळ्यांच्या माना रूपलाकडे वळल्या. रूपला कितीतरी वेळ शेषरावाकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "मले तं नाही दिसली, भाऊ," तो म्हणाला, आणि मग आवाज उतरवून, "असन. माह्याच नजरेतून सुटली असन." त्यानं हातातली काठी खाली जमिनीवर ठेवली. त्याच संध्याकाळी गावानं त्याच्याकडून ढोरं काढून घेतली. पोळ्यापर्यंत घरटी पाळी लावून ढोरं चारायची आणि पोळ्याच्या करीला नवा गायकी ठरवायचा, असं ठरलं.

३

शेषरावाला रात्रभर डोळा लागला नाही. खोटं बोललो याच्यापेक्षा त्याला जास्त धाक पडला होता तो बाभळीच्या बुडाशी काही नसण्याचा. कोणी बघायला गेलं तर?

म्हणून तांबडं फुटायच्या आत तो उठला. वाटेत पळसाची एक डहाळी मोडून त्यानं ती सदऱ्याखाली लपवली. स्वतःच्या शेतात स्वतःच चोरासारखं अंग चोरून जाताना त्याला इतकी लाज वाटली, की आभाळाकडेही त्यानं मान वर केली नाही. त्याचं ठरलं होतं. पानं जरा चोळामोळा करायची, म्हणजे जुनी दिसतील. डहाळी खोचायची. घरी जायचं.

बाभळीच्या बुडाशी डहाळी होती.

शेषराव हातभर अंतरावर थांबला. मातीत नीट, सरळ खोचलेली, बुडाशी ढेकूळ दाबलेलं. तो स्वतः लावायचा तशीच. पळसाची तीन पानं, त्यातलं मधलं पान एका बाजूनं फाटलेलं. आणि तिन्ही पानं हिरवीगार. त्यावर दहिवर साचलेलं होतं.

पहिल्यांदा त्याला चक्क हायसं वाटलं. कोणीतरी आपली लाज राखली, असं मनात आलं. मग ते कोणीतरी कोण, हे काही केल्या सापडेना. डहाळी लावली नव्हती हे ठाऊक असलेली माणसं जगात दोनच होती. एक तो, आणि दुसरी भागिरथा, आणि ती तर घरात झोपलेली होती. की आपणच लावली होती आणि विसरलो? शेषरावानं तो दिवस पुन्हा आठवून पाहिला. खांद्याला काचणारा पट्टा आठवला, लांबचा पळस आठवला, घरची वाट आठवली. नव्हती लावली.

त्यानं डहाळी उपटली. पळस मोडला की त्याचा डिंक लाल येतो, लहानपणापासून त्यानं पाहिलेलं होतं. या डहाळीच्या बुडाला लागलेला ओला डिंक तपकिरी होता. शेषरावानं बोटं मातीत घासली, दोन्ही डहाळ्या नाल्यात फेकल्या आणि मागं न बघता निघाला.

गावाकडे जाणाऱ्या पांदणीत त्याला धनीबाई भेटली. डोक्यावर गवताचा भारा होता. गाय मेली तरी हाताची सवय सुटली नव्हती.

"भाऊ," ती थांबून म्हणाली, "तुमची डहाळी म्या पाह्यली होती. ढोरं मराच्या आदल्या दिवशी. बाभळीपाशी न? एक पान फाटेल होतं तिचं."

शेषराव हो म्हणाला की नाही, हे त्याचं त्यालाही नंतर आठवेना.

४

दोन दिवसांनी तीच डहाळी शेताच्या कवाडापाशी होती. शेषरावानं ती पायानं तुडवली. मग ती पांदणीच्या वळणावर दिसली. मग गावाच्या अंगाला, हातपंपाजवळ. मधलं पान फाटलेलं, बुडाशी ढेकूळ दाबलेलं. आणि कुठल्याही दिवशी पाहिली तरी पानं ताजी, आत्ताच कोणी मोडून आणल्यासारखी. रोज ती थोडी गावाच्या जवळ येत होती. रस्त्यानं चालत घरी येणारं माणूस जसं टप्प्याटप्प्यानं जवळ येतं, तशी.

हे रूपलाचं काम, असं शेषरावानं ठरवून टाकलं. सूड उगवतोय. हा विचार आला आणि त्याला बरंच हलकं वाटलं. लाजेपेक्षा राग सोसायला सोपा असतो, आणि शेषरावाला कित्येक दिवसांत राग आलेला नव्हता. तो तरातरा तांड्यावर गेला.

रूपलाची बायको मोतीबाई अंगणात गोधडी शिवत बसली होती. तिनं लगबगीनं खाट टाकली, चहा ठेवला. शेषरावाचा राग खाटेवर बसेपर्यंतच टिकला.

"रूपला कोठी हाये?" त्यानं विचारलं.

"ते तं कारंज्याले गेले, भाऊ. मार्केटात हमाली करून राह्यले. ढोरं गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेले, अजून आले नाहीत."

कपातला चहा बशीत ओतता ओतता शेषरावानं दिवस मोजले. बाभळीपाशी डहाळी दिसली त्या सकाळी रूपला एसटीत होता.

"भाऊ, एक सांगू?" मोतीबाई सुई थांबवून म्हणाली. "त्यायले आता आठवते म्हन्तात. डहाळी होती म्हन्तात. पह्यले म्हनत होते का नाही दिसली, आता फोनवर म्हन्तात, मी पाह्यली होती, मोती, पाहूनच्या पाहून मी ढोरं घातली. रडून राह्यले होते." तिनं पदरानं नाक पुसलं. "माह्या मानसानं असं कधी केलं नसतं, भाऊ. पन तेच म्हन्तात, तं मी काय बोलू?"

ती एक गोष्ट सांगायची तर हीच वेळ होती. खाटेवर बसून, चहा पिता पिता, दोन शब्दांत सांगून टाकता आली असती. डहाळी नव्हती. शेषराव बशीतल्या चहाकडे पाहत राहिला. दुधाचा चहा त्या उजेडात तपकिरी दिसत होता, आणि त्याच्यानं तो पिववेना.

"करीले येतीन ते आखरावर," मोतीबाई म्हणाली. "गायकी ठरन तेव्हा तुमी दोन शब्द बोलजा त्यायच्यासाठी. तुमच्या शब्दाले वजन हाये. ढोरं गेल्यापासून ते मानूस राह्यले नाहीत."

"बोलतो," शेषराव म्हणाला. त्यानं बशी तशीच खाली ठेवली आणि उठला.

५

पोळ्याच्या दोन दिवस आधी शेषराव दिवस मावळता घरी आला, तर भागिरथा ओसरीवर तांदूळ निवडत होती. ती त्याच्याकडे बघून हसली.

"आता कोठी गेलते परत?"

"परत म्हंजे?"

"आत्ताच तं आले होते. पानी मांगतलं, म्या लोटा देला, तं तसाच ठेवून मांगच्या दारानं गेले." तिनं आत बोट दाखवलं. चुलीजवळच्या फळीवर लोटा भरलेला होता. शेषरावानं तो उचलला. पाणी थंड होतं आणि कडेला ओल्या ओठांचा ठसा होता.

त्यानं स्वतःला समजावलं. बाईमाणूस दिवसभर कामात, सकाळची गोष्ट संध्याकाळची वाटली असेल. कोणी शेजारचा आला असेल. वय झालं तिचं आणि आपलंही. अशी कारणं तो एकेक करून पुढं ठेवत होता आणि प्रत्येक कारण ठेवलं की मागून भागिरथेचं ते हसू दिसत होतं. ती त्याच्याकडे इतक्या मोकळेपणी कित्येक दिवसांत हसली नव्हती. ढोरं मेल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. धुवणाले कायची डहाळी, हे तिनंच ऐकलं होतं. आखरावर तो काय बोलला तेही तिच्या कानावर आलंच असणार. तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि तिच्या त्या न विचारण्याखाली शेषराव रोज दबून जायचा. आज ती हसली होती. ती कोणाकडे बघून हसली, हे त्याला कळेना.

पंप गोठ्याच्या भिंतीला खुंटीवर टांगलेला असे. शेषराव कंदील घेऊन तिकडे गेला. त्या दिवसापासून त्यानं पंपाला हात लावला नव्हता. पण खालची माती ओली होती आणि नळीच्या टोकावर एक थेंब लोंबत होता. लाल काठाचा पट्टा घामानं भिजलेला होता. त्याला हात लावला, तर तो अजून कोमट होता.

चांदी कोपऱ्यात उभी होती. तिचं वासरू आठवड्याचं झालं होतं. शेषरावानं नेहमीसारखी तिच्या मानेखाली हात घालायला बोटं पुढं केली. चांदी मागं सरकली. तिनं मान लांब केली, त्याचा हात हुंगला, आणि वासराला अंगाआड घेतलं. ती मारायला उठली नाही की हंबरली नाही. अनोळखी माणूस गोठ्यात आला की गाय करते तेवढंच तिनं केलं.

मग मागच्या परसातून आवाज आला. खटक. थोडं थांबून पुन्हा, खटक, खटक. पंपाचा दांडा मारताना होतो तसा. पंप तर त्याच्या डोळ्यांसमोर खुंटीला होता.

शेषराव परसात गेला नाही. कंदील तिथंच ठेवून तो घरात आला आणि त्यानं कडी लावली. सकाळी दार उघडलं तेव्हा डहाळी अंगणाच्या फाटकात होती.

६

पोळा झाला. बैल सजले, मिरवले, घरोघरी पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी, करीला, गाव आखरावर जमलं.

रूपला कारंज्याहून आला होता. तो सगळ्यांच्या मागं, कडुलिंबाच्या मुळीवर बसला होता. ओझी वाहून खांद्याला घट्टे पडलेले, डोळे खोल गेलेले. कोणी त्याला हटकलं नाही आणि कोणी त्याच्याजवळ बसलंही नाही.

जगदेवानं बोलणं सुरू केलं. तळ्याकडच्या वस्तीवरचा कोणी नवा माणूस तयार आहे, त्याला ढोरं द्यावीत काय, असा विषय होता. लोक माना डोलवायला लागले. आता बोललं नाही तर ढोरं कायमची जाणार आणि रूपला जन्मभर पोती उचलणार, हे शेषरावाला समोर दिसत होतं. तो उठून उभा राहिला.

"मले एक सांगाचं हाये," तो म्हणाला. "डहाळी नोहती. म्या लावलीच नोहती. खोटं बोललो म्या. रूपलाचा काही गुन्हा नाही."

शेषराव शिव्यांची वाट पाहत होता. कोणी अंगावर धावून यावं, धनीबाईनं तोंडावर माती फेकावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यानं मान खाली घातली.

जगदेव जवळ आला आणि त्यानं शेषरावाच्या पाठीवर हात ठेवला. "लय मोठं मन हाये तुह्यं, शेषराव," तो म्हणाला. "गरिबासाठी सोताच्या डोक्यावर घेऊन राह्यला. पन अरे, मी सोता पाह्यली न डहाळी. वावरातून येताना. बाभळीपाशी."

"म्या बी पाह्यली," धनीबाई म्हणाली.

"मी बी," मागून कोणी म्हणालं. मग आणखी एक जण. कोणी पान फाटलेलं सांगितलं, कोणी बुडाशी दाबलेलं ढेकूळ सांगितलं. एकानं तर शेषरावाला ती खोचताना पाहिलं होतं. "पंप पाठीवर होता तुह्या. म्या आवाज देला, तं तुनं हात केला," तो म्हणाला.

"नाही," शेषराव म्हणाला. "नाही रे. म्या नोहती लावली." त्याचा आवाज चिरकला. लोक त्याच्याकडे मायेनं पाहायला लागले, आजारी माणसाकडे पाहतात तसं.

तेव्हा रूपला उठला. गर्दी बाजूला झाली. तो शेषरावासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"भाऊ, माह्यासाठी खोटं नोका बोलू," तो म्हणाला. "डहाळी होती. मले साफ आठवते. हिरवीगार होती. म्या पाह्यली अन् तरी ढोरं घातली. काहून घातली, ते देवाले मालूम." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुमच्यावानी मानूस भेटनार नाही."

शेषरावाला त्याचे जोडलेले हात खाली ओढायचे होते. त्याचे स्वतःचे हात उचलेनात. ढोरं नव्या माणसाला मिळाली. जाता जाता प्रत्येकजण शेषरावाच्या खांद्यावर थाप मारून गेला, आणि त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज त्या थापांनी वाटली.

७

तो घरी गेला नाही. सरळ शेताकडे निघाला. बाभळीच्या बुडाशी जाऊन तिथली माती एकदा बघायची, एवढंच त्याच्या मनात होतं. तिथं डहाळीचं भोक असेल किंवा नसेल. काहीतरी एक खरं असेलच.

दिवस कलला होता. धुऱ्यावरचा काटेमाठ पुरुषभर वाढला होता आणि त्याच्या पानांवरून कोवळं ऊन ओघळत होतं. सगळीकडे गोडसर वास भरला होता. शेषरावाच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याच्या ते ध्यानात आलं, आणि तो ओठ मिटून तिथंच उभा राहिला.

बाभळीपाशी एक माणूस वाकलेला होता.

पाठ इकडं होती. पाठीवर पंप होता, आणि खांद्यावरून लुगड्याचा लाल काठ गेला होता. माणसानं डहाळी मातीत खोचली, टाचेनं ढेकूळ दाबलं, दोन्ही हात कमरेला लावून ती सरळ उभी आहे का ते पाहिलं. घाई नव्हती. काम नीट झाल्यावर माणूस सोडतो तसा एक श्वास त्यानं सोडला आणि तो गावाच्या वाटेला लागला. तोंड दिसलं नाही. शेषरावानं ते बघायचा प्रयत्नही केला नाही.

तो मागोमाग चालला. पुढचा माणूस कवाडातून गेला, पांदणीच्या वळणावरून गेला, हातपंपापाशी थांबून त्यानं हातपाय धुतले. दारात बसलेल्या लोकांनी त्याला राम राम घातला. कोणी म्हणालं, "लय उशीर केला आज, शेषराव." त्यानं हात केला. त्याच्या मागून काही अंतरावर शेषराव त्याच दारांवरून गेला, आणि कोणी मान वर केली नाही.

फाटकातून आत यायला शेषरावाला जरा वेळ लागला. तोवर तो माणूस घरात गेला होता. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून चुलीचा उजेड अंगणात पडला होता. पंप टेकवल्याचा आवाज आला.

"आले का? घ्या पानी," भागिरथा म्हणाली.

घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज आला. गोठ्यात चांदी हंबरली, ओळखीचं माणूस आलं की हंबरते तशी.

"डहाळी लावली न?"

"लावली होती," आतून उत्तर आलं. आवाज शेषरावाचाच होता. थकलेला, पण मोकळा. त्यात कसलीच लाज नव्हती.

"बरं झालं," भागिरथा म्हणाली. तवा चुलीवर चढल्याचं ऐकू आलं.

शेषरावानं पाऊल उचललं. उंबऱ्याच्या अलीकडे, मातीत नीट खोचलेली, डहाळी होती. मधलं पान फाटलेलं. त्याचं पाऊल जागच्या जागी थांबलं. त्यानं बळ लावून पाहिलं, पण पाय पुढं जाईना. मग तो खाली बसला आणि त्यानं एकेक पान चाचपून पाहिलं. एकही पान सुकायला लागलेलं नव्हतं.